लोरीनच्या नावाची पट्टी

मार्च महिन्यात वेल्डा शूपला एक पत्र आलं. ते वाचून तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे दाराला कडी लावली. मागे कोणी लागलेलं नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगाच नाही, आणि वेल्डाच्या मनात ते चांगली एकावन्न वर्षं पडलेलं होतं.

पत्र ड्वाइट केसलर नावाच्या गृहस्थांचं. इंडियानापोलिसला राहणारे, निवृत्त दंतवैद्य. त्यांनी लिहिलं होतं की मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी हॅडली गावच्या वाचनालयात ब्रँडल कंपनीच्या गिटार-अँप्लिफायरचा, म्हणजे अँपचा, मेळावा भरणार आहे. त्या कारखान्यात वायरिंग करणाऱ्या बायकांपैकी आता तुम्ही एकट्याच हयात आहात. तेव्हा येऊन आम्हाला लोरीनबद्दल दोन शब्द सांगाल का?

नेमकं लोरीनबद्दलच! वेल्डानं पत्राची घडी घातली आणि पावाच्या डब्याखाली सरकवली.

गिटारचे काचेच्या व्हॉल्व्हवाले अँप बनवणारी ही ब्रँडल कंपनी चौऱ्याहत्तर साली बंद पडली. हॅडलीत आता त्या जागेवर ट्रॅक्टरचे टायर विकतात. पण तिच्या अँपवर जीव टाकणारी माणसं अजून गावोगावी आहेत, आणि त्यांची बोलणी ऐकली तर शहाण्या माणसाला भोवळ यावी. अँपच्या रबरी पायांना एकसष्टच्या एप्रिलपर्यंत तीन भोकं होती की चार, यावरून त्यांच्यातले दोन सख्खे भाऊ सहा वर्षं अबोला धरून बसले आहेत. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा वाचून तो कुठल्या आठवड्यात गुंडाळला ते हे लोक सांगतात, आणि बायकोचा वाढदिवस विसरतात. असो. ज्याचा त्याचा छंद.

या मंडळींचं दैवत म्हणजे ‘लोरीन’. त्याचं असं आहे की ब्रँडलमध्ये वायरिंग संपलं की ज्या बाईनं ते केलं ती आपलं नाव लिहिलेली कागदी चिकटपट्टी आतल्या पत्र्यावर लावायची. त्यातल्या लोरीन नावाच्या काही अँपांचा आवाज निराळाच निघतो. अँपमध्ये आवाज दोन वाटांनी दोन मोठ्या व्हॉल्व्हकडे जातो. दोन्ही वाटांवर एकेक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा चिमुकला भाग असतो, एक थोडी कमी अडवणारा, एक थोडी जास्त; कुठला कुठे लावायचा ते ठरलेलं असतं, म्हणजे दोन्ही बाजू समसमान पडतात. लोरीनच्या अँपांत ते दोन नेमके उलटे लागलेत. त्यामुळे एक बाजू जड होते आणि गिटार जोरात छेडली की आवाज लवकर फाटतो. फाटतो म्हणजे कर्कश होत नाही. रडू दाबून बोलणाऱ्या माणसाचा होतो तसा होतो.

केसलर दंतवैद्यांचा सिद्धांत असा की लोरीनला दैवी कान होता. कंपनीला पत्ता लागू न देता तिनं जाणूनबुजून ही अदलाबदल केली. यावर त्यांनी बहात्तर पानं लिहिली होती.

दैवी कान! चर्चमध्ये गाताना लोरीन प्रुइट बाकीच्यांच्या दोन शब्द पुढे असायची, आणि तिला थांबवायची कोणाची छाती नव्हती. वेल्डाला हे आठवून हसू आलं आणि लगेच विरलं. कारण ते रेझिस्टर लोरीननं लावलेच नव्हते. ते वेल्डानं लावले होते.

त्या साली दोघी शेजारी शेजारी बसायच्या. एकसष्टचा ऑक्टोबर. लोरीनला तिसरा महिना होता, आणि पोटुशी बाई दिसायला लागली की कारखाना तिला घरी पाठवायचा, हा नियम सगळ्यांना पाठ होता. लोरीन कोणाला सांगत नव्हती. पण दर अर्ध्या तासानं तोंडावर हात धरून मोरीकडे पळायची, आणि दिवसाच्या ठरलेल्या नगांपैकी निम्मेसुद्धा तिच्या हातून होईनात.

“अगं, अशानं तो स्टॉफर आठ दिवसांत ओळखेल,” वेल्डा म्हणाली होती. स्टॉफर म्हणजे फोरमन.

“मग काय करू? पोटाला सांगू, गप बस म्हणून?”

“तू निम्मे कर. उरलेले मी करते. जेवणाच्या सुट्टीत.”

“आणि तुझं जेवण?”

“माझं वजन बघितलंस का? महिनाभर नाही जेवले तरी एडला कळायचं नाही.”

एड म्हणजे वेल्डाचा नवरा. रेल्वेच्या यार्डात पाय मोडून घेऊन तेव्हा घरी बसला होता. दोन पोरं आणि पगार एकटीचा.

तर तीन आठवडे वेल्डा दुपारी लोरीनच्या खुर्चीत बसली. सुटे भाग ज्याच्या त्याच्या टेबलावर मोजून दिलेले असत, म्हणून बसायचं तर तिथेच. सगळ्या बायका सुटे भाग ठेवायला घरून मफिन केक भाजायचं खळग्यांचं भांडं आणायच्या. एकेका खळग्यात एकेक जात. लोरीन डावखुरी, त्यामुळे तिच्या भांड्यात सगळं उलट क्रमानं. वेल्डाला ते माहीत होतं आणि ती प्रत्येक खळग्यात बघून उचलायची. फक्त ते दोन रेझिस्टर सोडून. ते दोन ती नेहमी जोडीनं उचलायची, एका वेळी दोन्ही हातांनी, आणि तसेच दोन्हीकडे बसवायची. पाच वर्षांत हजारो वेळा केलेलं काम. त्याला कोण डोळे लावतं? हातांनी आपलं नेहमीचं केलं. भांडं उलटं, म्हणून उजव्या हातात डावीकडचा आला आणि डाव्या हातात उजवीकडचा. लोरीन एकेक उचलून एकेक लावायची, तिची चूक झाली नसती. काम झालं की लोरीननं आधीच लिहून ठेवलेली पट्टी वेल्डा आत चिकटवायची. तपासणीच्या टेबलावर अँप वाजत होते, धूर निघत नव्हता. झालं तर!

नाताळानंतर दुकानदारांच्या तक्रारी आल्या की हे अँप लवकर फाटतात. स्टॉफरनं तीन उघडले आणि तिन्ही लोरीनच्या टेबलावर ठेवून तिच्यासमोर उभा राहिला.

“ही पट्टी तुझी?”

“हो.”

“रेझिस्टरवरचे रंगाचे पट्टे दिसत नाहीत का तुला? राखाडी कुठला, तपकिरी कुठला, हे सहा वर्षांच्या पोराला कळतं!”

लोरीननं एकदा वेल्डाकडे पाहिलं. एकदाच. वेल्डा समोरच्या डब्यातले स्क्रू मोजत होती. मोजायचं काही कारण नव्हतं. लोरीननं कोट उचलला आणि गेली. महिन्याभरात प्रुइट मंडळी टोलेडोला राहायला गेली. वेल्डा कारखाना बंद होईपर्यंत तिथेच होती, आणि शेवटच्या वर्षी तिला न चुकता काम केल्याबद्दल घड्याळ मिळालं. ते तिनं एडच्या भावाला देऊन टाकलं.

आता मेळाव्याला न जाणं अगदी सोपं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ते पत्र पावाच्या डब्याखालून रोज सकाळी तिला दिसायचं, आणि वेल्डा पाव खाणारी बाई होती. जाऊन सगळं सांगून टाकावं असं रोज ठरायचं आणि रोज मोडायचं. कारण नुसती भीती नव्हती. बासष्ट साली, सत्तर साली सांगितलं असतं तर ती कबुली झाली असती. आता त्या चुकीला हार-तुरे घालायला लोक जमणार होते. आता ‘ते मी केलं’ म्हणायचं म्हणजे मेलेल्या बाईची नोकरी घेतली होती ती घेतली, वर तिचं नावही काढून घ्यायचं. लोरीन दोन हजार आठ साली वारली, हे वेल्डानं वर्तमानपत्रात वाचलं होतं. फुलं पाठवायला तिचा हात धजला नव्हता.

मेच्या त्या शनिवारी ती गेली. निळा स्वेटर घालून, लिंबाच्या वड्यांचा ट्रे घेऊन, कारण रिकाम्या हातानं कुठे जायची तिला सवय नव्हती.

वाचनालयाच्या सभागृहात चाळीसेक माणसं होती. बहुतेक पुरुष, बहुतेकांचं पोट सुटलेलं आणि पांढऱ्या केसांची शेपटी मागे बांधलेली. टेबलांवर अँप मांडले होते, मागचे पत्रे काढून. केसलर डॉक्टर एका चालू अँपमध्ये लाकडी चॉपस्टिक घालून वायरी ढोसत होते. दुसरा हात खिशात. चालू अँपमध्ये दोन हात घातले आणि झटका बसला तर तो थेट छातीतून जातो, म्हणून कारागीर एक हात खिशात ठेवतात. डॉक्टरांना ती सवय इतकी जडली होती की त्यांनी वेल्डाशी हस्तांदोलनसुद्धा दुसरा हात खिशात ठेवून केलं.

“मिसेस शूप! एक सांगा, आधी हेच सांगा. बासष्टच्या पिवळ्या कंडेन्सरचे पाय तुम्ही आखूड कापायचात की लांब?”

“जेवढे पुरतील तेवढे,” वेल्डा म्हणाली.

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यात कोणीतरी तिच्या कोपराला हात लावला. पन्नाशीची बाई, लाल कोट, रुंद कपाळ. ते कपाळ पाहिलं आणि वेल्डाला ती कोण हे सांगावं लागलं नाही.

“मिसेस शूप ना? मी पेग. लोरीनची मुलगी. टोलेडोहून आले.”

त्या तीन आठवड्यांतलं पोट लाल कोट घालून समोर उभं होतं. वेल्डानं ट्रे खाली ठेवला.

“आई तुमचं नाव घ्यायची,” पेग म्हणाली. “वेल्डाची जागा माझ्या शेजारी होती, म्हणायची.”

“आणखी काय म्हणायची?”

“आणखी काही नाही.” पेगनं एक वडी उचलली. “तुम्हाला सांगू, आज मला किती बरं वाटतंय! आमच्या घरी आईची चेष्टा व्हायची हो. दिवा गेला, केक करपला, की बाबा म्हणणार, ‘लोरीनचा हात लागलेला दिसतोय.’ कारखान्यातून काढलं होतं ना तिला, उलट्या वायरी जोडल्या म्हणून. आम्ही पोरंही खिदळायचो. आई काय चिडायची! ‘त्या मी जोडल्या नाहीत. मी रंग चुकत नाही.’ अगदी दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, बाबांनी नर्सला तीच गंमत सांगितली, तर नळ्या लावलेल्या अवस्थेत उठून बसायला लागली. ‘त्या माझ्या नव्हेत.’ मला वाटायचं, बिचारी लाजेपायी नाकारते. काय करणार, माणसाचा अभिमान असतो. आणि आता हे डॉक्टर सांगतायत की तिनं ते मुद्दाम केलं, ती कला होती! म्हणजे लपवत होती बघा. वस्ताद बाई!”

वेल्डाला बसायला खुर्ची लागली. कोणीतरी ती आणून दिली.

म्हणजे लोरीननं नाव सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. फक्त ‘मी नाही’ एवढंच म्हणत राहिली, आणि तेवढ्याही शब्दावर घरात कोणी विश्वास ठेवला नाही. आज भिंतीवर मोठ्या अक्षरांत तिच्या नावाचं जे कौतुक लावलं होतं, ते तिच्या दृष्टीनं स्टॉफरचंच बोलणं होतं, फक्त गोड आवाजात. वेल्डाला एवढा वेळ वाटत होतं की आपण गप्प बसलो तर निदान लोरीनला काहीतरी मिळतंय. काही मिळत नव्हतं. तिला पुन्हा एकदा खोटं पाडत होते, आणि या वेळी टाळ्या वाजवून.

“आता मिसेस शूप आपल्याला सांगतील,” डॉक्टर माइकवर म्हणाले, “की लोरीननं ही अदलाबदल का केली.”

वेल्डा उठली. माइक तिच्यापेक्षा उंच होता. तिनं तो खाली ओढला.

“लोरीननं नाही केली. मी केली. तिला बरं नव्हतं, मी तिच्या टेबलावर बसायचे. तिचं भांडं उलटं होतं. मी दोन्ही हातांनी एकदम उचलायचे, असे.” तिनं हवेत दोन्ही हात पुढे करून दाखवलं. बोटं आपोआप चिमटीत आली. “ती कला नव्हती, काही नव्हतं. चूक होती आणि माझी होती. काढलं मात्र तिला. मी शेजारी बसले होते आणि बोलले नाही.”

सभागृहात कोणी खोकलं. मागून एक शेपटीवाला म्हणाला, “घ्या! नाव झालं तेव्हा बरोब्बर आठवलं आजीबाईंना.”

“नाव?” वेल्डा म्हणाली. “माझं नाव कुठल्या अँपला लावाल तर याद राखा.”

केसलर डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा झाला, बहात्तर पानं वाया गेलेल्या माणसाचा होईल तसा. मग त्यांनी आपलेच दोन हात पुढे केले, चिमट्या केल्या, हवेत दोनदा उचलून पाहिलं, आणि ओरडले, “म्हणून! अहो, म्हणूनच त्या काळातल्या निम्म्या लोरीन सरळ निघतात! आम्ही समजत होतो, नंतर कोणा मेकॅनिकनं दुरुस्त केल्या!” मग काय विचारता. चाळीसच्या चाळीस माणसं उठून टेबलांभोवती जमली, आणि सरळ कुठल्या, उलट्या कुठल्या यावर जो कालवा सुरू झाला त्यात बोलणारी बाई कोणाच्या ध्यानातही राहिली नाही.

पेगची खुर्ची रिकामी होती. वेल्डा बाहेर गेली. पेग गाडीला टेकून उभी होती, हातात अर्धी वडी तशीच.

“एक शब्द,” पेग म्हणाली. “एक शब्द का नाही बोललात तुम्ही?”

“बोलले असते तर दोघींची नोकरी गेली असती. एडचा पाय...” एवढं उत्तर वेल्डाकडे एकावन्न वर्षं तयार होतं. तिनं ते निम्म्यात सोडलं. “नाही. तिची नोकरी तशीही जाणार होती, तू पोटात होतीस. पण ती मान वर करून गेली असती. मी भ्याले. तेवढंच खरं.”

“आणि नंतर? टोलेडो काय चंद्रावर आहे? दोन तासांचा रस्ता!”

“नंतर लाज वाटली. मग सवय झाली.”

“सवय झाली,” पेग म्हणाली. “छान. तुम्हाला सवय झाली आणि मी माझ्या आईला जन्मभर हसले. मरताना हसले हो तिला! म्हटलं, बरं बाई, नाही केलंस तू, झोप आता. लहान पोराला म्हणतात तसं.” तिला रडू आलं, आणि ते तिनं वडी खाऊन गिळायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. वेल्डाला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तिनं ठेवला नाही. तो हक्क आपला नाही, हे तिला कळत होतं.

जरा वेळानं पेगनं नाक पुसलं आणि गाडीचं दुसरं दार उघडलं.

“बसा.”

“कुठे?”

“बाबा आहेत अजून. एकोणऐंशीचे. वृद्धाश्रमात आहेत, आणि ती गंमत तिथल्या नर्सना अजून सांगतात. मी सांगितलं तर म्हणतील, आईची बाजू घेतेयस. तुम्ही सांगायचं. आजच.”

“अगं, पण...”

“मिसेस शूप, बसा म्हटलं ना.”

वेल्डा बसली. दोन तासांत दोघी मोजून चार वाक्यं बोलल्या, त्यातली दोन पेट्रोलबद्दल.

फ्लॉइड प्रुइट खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसून टीव्हीवर बेसबॉल बघत होता. एके काळी धिप्पाड असावा. आता शर्टाच्या बाह्या हातांना मोठ्या होत होत्या. पेगनं आवाज कमी केला आणि सांगितलं की या वेल्डा शूप, आईच्या शेजारी बसायच्या.

“ब्रँडलमध्ये? अरे वा!” फ्लॉइड खुलला. “मग तुम्ही बघितलं असेल की आमच्या बाईनं...”

“मिस्टर प्रुइट,” वेल्डा म्हणाली, “थांबा. आधी मला बोलू द्या.”

तिनं सांगितलं. भांडं, दोन हात, पट्टी, स्टॉफर, स्क्रूचा डबा. काही गाळलं नाही आणि काही सजवलं नाही. सांगून झाल्यावर माफी मागितली. ती फार छोटी झाली, पण मोठी माफी तिला येत नव्हती.

फ्लॉइडनं तिच्या हातांकडे पाहिलं. मग पेगकडे वळला. चिडला होता, म्हाताऱ्या माणसाचा राग असतो तसा, कोणावर काढावा ते न कळणारा.

“मग ती बोलली का नाही मला?” तो म्हणाला. “एवढा संसार केला. एकदा तरी सांगायचं होतं मला, की मी नाही केलं म्हणून!”

पेग त्याच्या खुर्चीशी खाली बसली.

“सांगत होती, बाबा,” ती म्हणाली. “सत्तेचाळीस वर्षं सांगत होती.”